आरतीच्या वेळेची गोळी

आमच्या गावच्या महिला भजनी मंडळाला चार वर्षांपूर्वी एका घराच्या उंबऱ्यावरून जवळजवळ परत फिरावे लागले होते. छबुबाईचे कमरेखालचे अंग लुळे पडले होते, पाठीला जखमा झाल्या होत्या. मंडळातल्या सात जणी टाळ, पेटी आणि जखमा धुण्याचे सामान घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा ती खाटेवरूनच ओरडली, "टाळ घिऊन आल्या का भवान्या? मी मेले न्हाई अजून. ज्याचं भरलंय त्याच्या दारात जाऊन वाजवा!"

मंडळाच्या प्रमुख तुळजाबाई सत्तरीच्या. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मेली न्हाईस म्हणूनच आलाव. मेल्यावर तुझ्यासाठी कोण घसा फोडून घेतंय?"

छबुबाई हसली, आणि मंडळ आत गेले. टाळ वाजवायच्या आधी एक बाई वाकून पाठीची जखम पाहू लागली. त्या वनमालाबाई.

वनमालाबाई चौतीस वर्षे सरकारी दवाखान्यांत परिचारिका होत्या. गेवराई, माजलगाव, केज असे करत निवृत्त झाल्या आणि युसूफ वडगावच्या पुढे असलेल्या आमच्या गावात, सासरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. नवरा आधीच गेला होता. मुलगी पुण्यात. गावाला वाटले, बाई आता इंजेक्शनचा धंदा मांडतील. त्यांनी टाळ हाती घेतले. आवाज बेताचाच, पण ताल पक्का. मंडळातल्या बायका मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी भजनाला बसत आणि भजन संपले की गावातल्या दुखण्यांची चर्चा होई. कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला मोठ्या दवाखान्याने 'घरी न्या' म्हणून पाठवले आहे, हे सगळे तिथे कळे. वनमालाबाई वर्षभर ऐकत राहिल्या. मग एके दिवशी म्हणाल्या, "नुसतं हळहळून काय होतं? आपण जाऊ या."

बरे न होणाऱ्या माणसाचे दुखणे हलके कसे करावे, याचे पाच दिवसांचे शिक्षण त्या बीडच्या सरकारी दवाखान्यात जाऊन घेऊन आल्या. मग मंडळातल्या बायकांना त्यांनी शिकवले : कूस कशी बदलायची, तोंड कसे पुसायचे, जखमेचा वास कसा कमी करायचा. बायका पटकन शिकल्या. सासू-सासऱ्यांचे सगळे त्यांनी आयुष्यभर केलेच होते. फक्त कोणी त्याला विद्या म्हटले नव्हते. भजन आधी की जखम आधी, यावर थोडा वाद झाला. तुळजाबाईंनी निकाल दिला, की देवाला थांबायची सवय आहे.

वनमालाबाईंच्या स्वभावात एक कडकपणा होता. औषधाच्या बाबतीत त्या 'साधारण' हा शब्द चालू देत नसत. कुणी म्हटले, "साधारण दुपारी दिली गोळी," की त्या विचारत, "दुपार म्हणजे किती?" चौतीस वर्षांत आपल्या हातून औषधाची चूक झाली नाही, असे त्या म्हणत. यात बढाई नव्हती. एखाद्याने आपली उंची सांगावी तसे त्या सांगत.

त्या चौतीस वर्षांच्या कोरेपणाला गेल्या डिसेंबरात, दत्तजयंतीच्या सप्ताहात, एका दिवशी धक्का बसला. पुढचे सगळे मला त्यांनी स्वतः आणि तुळजाबाईंनी वेगवेगळे सांगितले आहे. दोघींच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

कौशल्याबाई साठीची. गर्भपिशवीचा कर्करोग कमरेच्या हाडात उतरला होता. तिचा मुलगा अंगद आणि सून शिवकन्या दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला गेलेले. घरात ती आणि नवरा शहादेव. जायच्या दिवशी, दिवाळीनंतर, ट्रॅक्टर दारात उभा असताना कौशल्याबाईला कळ आली. ती पदर दातांत धरून ओरडत राहिली आणि अंगद कानांवर हात ठेवून घराबाहेर पळाला. तसाच ट्रॅक्टरवर चढला. त्यानंतर त्याचा फोन येई तो बापाला. आईशी बोलायचे त्याने टाळले.

वनमालाबाईंनी कौशल्याबाईला बीडला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. सहा तासांनी एक आणि रात्री थोडे लवकर, अशा दिवसाला चार. तिसऱ्या दिवशी कौशल्याबाईने दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. पाचव्या दिवशी उन्हात बसली. त्या दिवशी तिने वनमालाबाईंचा हात धरला.

"नर्सबाई, अंगद सप्त्याच्या काल्याला येतो म्हनलाय. तवर मला अशीच ठिवा. त्यानं मला वरडताना बघितलंय. तसंच डोळ्यात घिऊन बसलाय लेकरू. आन झोपेत बी नको. बोलता आलं पायजे."

"ठेवते," वनमालाबाई म्हणाल्या. एवढा एक शब्द. त्या सहसा असे शब्द देत नसत.

अडचण शहादेवची होती. माणूस अत्यंत सरळ. सांगितलेले काम अक्षरशः करणारा. पण घड्याळ त्याला कळत नव्हते आणि मोबाइलचा गजर वाजला की तो फोन समजून 'हॅलो' म्हणे. वनमालाबाईंनी उपाय काढला. मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावर चार वेळा आरती होई : सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला शेजारती. पुजारी वेळेचा पक्का. गोळीच्या वेळा नेमक्या त्याच.

"भोंग्यावर आरती झाली की एक गोळी. बस्स."

"आरती झाली की गोळी," शहादेवने म्हणून दाखवले. वीस दिवसांत एक वेळ चुकली नाही. गोळ्या एका पत्र्याच्या डबीत असत. वनमालाबाई एक दिवसाआड जाऊन मोजत आणि हिशेब जुळे.

सप्ताह सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मंडपात गडबड होती. अक्षर चांगले म्हणून सप्ताहाच्या कार्यक्रमाचा फळा वनमालाबाईंनीच लिहिला. चार वाजता काकडआरती. सहा वाजता नित्याची आरती. आठ वाजता पारायण आणि पोथीची आरती. बारा वाजता आरती व भोजन. दोन वाजता भजन आणि आरती. सगळे खडूने, ओळीत, रेषा आखून. लिहून झाल्यावर दोन पावले मागे सरून त्यांनी फळा पाहिला आणि 'पारायण'मधला एक काना ठीक केला. शहादेवची त्यांना आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला वनमालाबाई पंगतीत वरण वाढत असताना कौशल्याबाईच्या शेजारची सुनिता धावत आली. चपला हातात.

"सिस्टर, चला. कौशल्यामावशीला खाली घेतलंय."

खाली घेतले, म्हणजे खाटेवरून उतरवून सारवलेल्या जमिनीवर निजवले. माणूस जाणार हे नक्की झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी ते करत नाही. आणि एकदा खाली घेतलेल्या माणसाला पुन्हा खाटेवर चढवणे कुणाला रुचत नाही.

वनमालाबाई धावल्या नाहीत. धावणारी परिचारिका लोकांना घाबरवते, हे त्यांच्या अंगात मुरले होते. पण तुळजाबाई सांगतात की त्यांना त्या दिवशी वनमालाबाईंना गाठता आले नाही.

अंगणात माणसे जमली होती. ओसरीवर कौशल्याबाईचा धाकटा भाऊ अर्जुनराव उभा होता. दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेला, सप्ताह समितीचा अध्यक्ष, चाळीस एकरांचा धनी. त्याच्या हातात तांब्याचा गडू होता. त्यात गंगेचे, म्हणजे आमच्याकडे जिला गंगा म्हणतात त्या गोदावरीचे पाणी. एकेक माणूस आत जाऊन कौशल्याबाईच्या तोंडात पळीभर पाणी घालत होता.

"या सिस्टर," अर्जुनराव म्हणाला. "अक्का चालली. घरघर लागली. अंगदला फोन केलाय, निघालाय तो. तुमी बी पानी घाला."

वनमालाबाई आत गेल्या. कौशल्याबाई उताणी होती. तोंड उघडे. घशात खरोखरच खरखर होत होती. वनमालाबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि तिच्या छातीवर हात ठेवून मोजले. मिनिटाला नऊ श्वास. पापणी उचलली, बाहुली मोहरीएवढी. कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाल्या, "कौशल्याबाई! डोळे उघडा!"

पापणी हलली. उघडली नाही, पण हलली.

तेवढ्यात एक पुतण्या पळी घेऊन वाकला. वनमालाबाईंनी त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने कौशल्याबाईला कुशीवर वळवले. तोंडातून पाणी ओघळले. बरेच पाणी. घशातली खरखर थांबली.

खोलीतल्या बायकांनी ते पाहिले. पण त्याचा अर्थ फक्त वनमालाबाईंना कळला होता : जी घरघर ऐकून लोक पाणी पाजत होते, ती घरघर पाण्याचीच होती.

"शहादेवभाऊ," त्यांनी विचारले, "आज गोळ्या किती दिल्या?"

शहादेव कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. "आरतीला एक. तुमी सांगितल्यावानी."

"आज आरत्या किती झाल्या?"

त्याने बोटांवर मोजले. "काकड्याची एक. मग रोजची. मग पोथीची. मग आत्ताची. चार. काकड्याला ती झोपलेली, तरी उठवून दिली. मला वाटलं, सप्ता हाय म्हणून तुमी वाढवून दिली."

पहाटेपासून आठ तासांत चार गोळ्या. दिवसभराचा डोस. शेवटची जेमतेम पाऊण तासापूर्वी. म्हणजे तिचा पुरता अंमल अजून चढायचाच होता. श्वास अजून उतरणार होता. वनमालाबाईंना मंडपातला फळा दिसला, असे त्या म्हणतात. स्वतःचे अक्षर, आखलेल्या रेषा.  

त्यांनी बीडला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. "हाकेला प्रतिसाद आहे ना? मग कुशीवर ठेवा, सारखी हाक मारा, श्वास घे म्हणून सांगा. झोपू देऊ नका. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा. श्वास आठवर आला आणि हाकेला पापणी हलली नाही, तर एक मिनिट थांबायचं नाही. अंबाजोगाईला न्या, तिथं उताऱ्याचं इंजेक्शन आहे. गाडी दारात तयार ठेवा. दोन-अडीच तास काढलेत तर निभावेल."

रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन लातूरच्या वाटेवर होती. गावात गाडी एकच, अर्जुनरावाची जीप.

वनमालाबाई ओसरीवर आल्या. आता काय बोलायचे, हे ठरवायला त्यांच्याकडे उंबरा ओलांडण्याएवढाच वेळ होता. गोळ्या जास्त झाल्या असे म्हटले, तर सगळे गाव शहादेवकडे पाहणार होते; आणि कौशल्याबाईला पुन्हा ती गोळी कुणी देऊ देणार नव्हते. न म्हटले, तर पळी थांबणार नव्हती.

"अर्जुनराव, पाणी थांबवा. या मरत नाहीत. गोळी जास्त झाली आहे."

अर्जुनरावाने गडू छातीशी धरला.

"कुणी दिली?"

"वेळ मी बांधून दिली होती. भोंग्याच्या आरतीवर. आज सप्ताह लागला, आरत्या वाढल्या. ते भाऊंना सांगायचं मी विसरले. त्यांनी मी सांगितलं होतं तेच केलं. चूक माझी आहे."

अर्जुनराव दोन पायऱ्या खाली उतरला. "म्हंजे तुमी माझ्या अक्काला इख घातलं."

"जास्त औषध झालं आहे. उतरेल. पण पाणी छातीत गेलं तर मग काही उतरणार नाही."

"आन न्हाईच उतरलं तर? गंगा न घेता गेली तर? त्या पापाला कोण धनी? तुमी?"

"मी."

"शब्दानं पाप फिटत असतंय का, बाई? सरका."

तो गडू घेऊन वर चढला. वनमालाबाई दारात उभ्या राहिल्या. पण दार अडवले ते तुळजाबाईंनी. त्या नुकत्याच येऊन पोचल्या होत्या, आणि धाप लागली होती.

"आण तो गडू हिकडं," त्या म्हणाल्या.

"तुळजाकाकू, तुमी मधी पडू नका."

"तुझ्या माईला शेवटचं पाणी मीच घातलंया, अर्जुना. तवा तू पळसाच्या झाडाखाली बसून रडत होतास. आण." त्यांनी गडू घेतलाच. तोंड पुसायला ठेवलेल्या कापसाचा बोळा त्यांनी त्या पाण्यात बुडवला, नीट पिळला आणि कौशल्याबाईच्या ओठांवरून फिरवला. "लागली गंगा. ओठाला लागली तरी पोचती. पळीनं मोजून घेत न्हाई ती. आता ह्याउपर कुणाला घालायचंय? या, बोळा घ्या, एकेक. पळी मी घरी नेणार."

लोक घुटमळले. मग सुनिताने बोळा घेतला. तिच्यामागून पुतण्याने.

अर्जुनरावाने गडूचा हट्ट सोडला; पण आत जाऊन शहादेवच्या पायाशी असलेली पत्र्याची डबी उचलून खिशात घातली. "ही आता माझ्याकडं. आन सिस्टर, अक्काचं काही झालं, तर मी गाव बघणार न्हाई, सप्ता बघणार न्हाई. तुमी सरकारात चौतीस वर्सं होतात ना? सरकारच बघंल मग."

"बघू द्या," वनमालाबाई म्हणाल्या. "आधी गाडी वळवून ठेवा. तोंड अंबाजोगाईकडं."

तो दारात आला. मग ड्रायव्हरला ओरडला, "बंकट! गाडी वळीव बे!"

त्यानंतरचे दोन तास म्हणजे एकच काम होते. मंडळाच्या सहा जणी कौशल्याबाईभोवती बसल्या. वनमालाबाई छातीवर हात ठेवून मोजत होत्या. हाका कुणी, किती वेळ मारायच्या, हे ठरवायला लागले नाही. भजनात एकीचा आवाज बसला की दुसरी उचलते, तसे ते आपोआप झाले.

"कौशल्या, श्वास घे."

"घे गं बाई, घे."

"कौशल्यामावशी, वढा वारा आत."

नऊ. नऊ. एकदा दहा. सव्वाच्या सुमाराला साडेआठ म्हणावे असे काहीतरी. वनमालाबाईंनी पूर्ण दोन मिनिटे मोजले तेव्हा सतरा आले. अंगणातून कुणीतरी विचारले, "काय, हाय का?" आणि अर्जुनरावाने त्याला शिवी दिली.

दीडला आठ.

वनमालाबाईंनी हात वर केला. बायका थांबल्या. बाहेर बंकटने इंजिन सुरू केले. वनमालाबाई कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "कौशल्याबाई, डोळे उघडा."

काही नाही.

"कौशल्याबाई!"

पापणी हलली नाही. छाती वर आली, खाली गेली आणि बराच वेळ तशीच राहिली. अर्जुनराव दारात आला होता. वनमालाबाई त्याला म्हणणार होत्या, "उचला." शब्द तोंडात आला होता. तेवढ्यात कोपऱ्यातून शहादेव उठला. गुडघ्यांवर सरकत आला. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. त्याने तिच्या खांद्याला धरून गदागदा हलवले आणि ओरडला,

"कौशे! ऊठ! शेरडं उसात शिरली!"

कौशल्याबाईने खोल श्वास घेतला. डोळे चिरीएवढे उघडले. "हाका की मग," ती पुटपुटली. जीभ जड होती, पण शब्द सगळ्यांना कळला.

कुणी हसले नाही. तुळजाबाईंनी फक्त शहादेवच्या पाठीत एक धपाटा घातला. "आता हेच म्हण. थांबू नगंस."

शहादेव म्हणत राहिला. शेरडे उसात शिरली, म्हैस सुटली, दूध उतू गेले, पाव्हणे आले. चाळीस वर्षांत ज्या ज्या कारणाने ती झोपेतून उठली असेल, ती सगळी कारणे त्याने वापरली. मधूनच ती 'हूं' म्हणे. श्वास नऊवर आला. जीप बाहेर घरघरत होती. वनमालाबाईंनी ती बंद करू दिली नाही.

दोनला भोंगा वाजला. भजनाची आरती. शहादेवचा हात आपोआप शेजारच्या कोनाड्याकडे गेला, जिथे डबी असे. कोनाडा रिकामा होता. हात तिथेच राहिला. त्याने तो हळूहळू मागे घेतला, आणि मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. हाका मारायचे विसरला. वनमालाबाईंना ते पाहवले नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, म्हैस सुटली का बघा," आणि तो पुन्हा सुरू झाला.

अडीचला दहा. तीनला बारा. सव्वातीनला कौशल्याबाईने मान वळवून भोवताली पाहिले. एवढ्या बायका, दारात माणसे, कापसाचे बोळे.

"कोन गेलं?" तिने विचारले.

"कुनी न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "तुलाच पोचवायला आलतो. आता परत चाललाव."

जीप बंद झाली. लोक पांगले. कौशल्याबाईला खाटेवर घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा तुळजाबाईंनी जमिनीवरच दोन गाद्या टाकायला लावल्या. जमिनीवर गादी घालू नये असे कुठल्याही शास्त्रात नाही, असे सांगून.

सगळ्यांना वाटले, संपले. वनमालाबाईंना ठाऊक होते की आता दुसरी बाजू सुरू होणार. औषध उतरत होते. म्हणजे कळ चढणार होती. पाचला कौशल्याबाईने पाय पोटाशी घेतले. साडेपाचला पदर दातांत धरला. अंगदची गाडी तोवर येरमाळ्यापर्यंत आली होती. दीड तास, फार तर पावणेदोन.

"अर्जुनराव, डबी द्या."

"न्हाई."

"सकाळी जास्त झाली. आता काहीच नसलं तर ओरडतील. दोन्ही त्यांना नको होतं."

"तुमचा भरवसा संपलाय, सिस्टर. तोंडावर सांगतो."

"संपू द्या. माझ्यावर ठेवू नका. बीडला बोला." त्यांनी फोन लावून त्याच्या हातात दिला. अर्जुनराव फोन घेऊन अंगणात गेला. बराच वेळ 'हां मॅडम, हां मॅडम' करत राहिला. एवढ्यात आतून आवाज आला. किंकाळी नव्हे, दातांत पदर असताना निघतो तसा, दबलेला, लांबत जाणारा. अर्जुनरावाने तो यापूर्वी ऐकला नव्हता. बहिणीचे घर हाकेच्या अंतरावर असून तो दुखण्यात दोनदाच आला होता, दोन्ही वेळा दुपारचा, गोळीनंतरचा. तो ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. आवाज पुन्हा आला, तेव्हा त्याने डोळे मिटले.

आत येऊन त्याने डबी पुढे केली. "अर्धी म्हनल्यात मॅडम. श्वास मोजून. पन तुमच्या हातानं द्या. दाजीच्या न्हाई."

वनमालाबाईंनी श्वास मोजले. सोळा. नखाने गोळी मोडली. अर्धी डबीत ठेवली, अर्धी तळहातावर घेतली आणि शहादेवपुढे हात केला.

"भाऊ, तुम्हीच द्या."

"मी न्हाई," शहादेव म्हणाला. "माझ्यानं न्हाई होत आता. मी इख घातलं तिला."

"वीस दिवस तुम्हीच दिली. आज मी विसरले होते, तुम्ही नाही. उद्यापासूनही तुम्हालाच द्यायची आहे. मी रोज चार वेळा येणार, मोजणार. पण द्यायची तुम्ही. आज दिली नाहीत, तर पुन्हा कधी देणार नाही."

"सिस्टर," अर्जुनराव म्हणाला. मग स्वतःच मागे सरला.

शहादेवने अर्धी गोळी दोन बोटांत धरली. ती निसटून गादीवर पडली, आणि ती शोधायला चौघी वाकल्या. सापडली. कौशल्याबाईने दातांतला पदर काढला. कपाळावर घाम होता.

"आना की," ती म्हणाली. "भेता कावून? मी काय चावते का?"

वनमालाबाईंनी तिला उशाला टेकवून अर्धवट बसवले. शहादेवने गोळी जिभेवर ठेवली. चमच्याने पाणीही त्यानेच पाजले, थोडे, मग थांबून पुन्हा थोडे. ते छातीत जात नाही ना, हे वनमालाबाई घशावर बोट ठेवून पाहत होत्या.

मग वाट पाहायची. पंचवीस मिनिटे तो आवाज येत राहिला, आणि ओसरीवर कुणी एकमेकांकडे पाहिले नाही. वनमालाबाई म्हणतात, श्वास मोजण्याचे ते दोन तास सोपे होते. ही पंचवीस मिनिटे नाही. अर्धीने भागले नसते, तर उरलेली अर्धी द्यायची की नाही, ते त्यांना एकटीला ठरवावे लागले असते. आणि त्या दिवसापुरता त्यांचा स्वतःवरचाही भरवसा संपला होता.

हळूहळू कौशल्याबाईचे पाय सरळ झाले. तिने तोंड पुसायला पाणी मागितले. केस सारखे करून घेतले. कुंकू लावायला आरसा नको म्हणाली. सुनिताने लावून दिले.

साडेसातच्या आत अंगद आला. अंगावर पाचटाची काजळी, हाताला फडके गुंडाळलेले. अंगणात पाय ठेवताना त्याचे हात कानांकडे जाऊ पाहत होते, असे तुळजाबाईंना वाटले. दारात तो थांबला. मामाकडे पाहिले, बापाकडे पाहिले, खाली गादीकडे पाहायला त्याला वेळ लागला.

कौशल्याबाई त्याच्याकडे पाहत होती. कपाळाला आठी होती. कळ पुरती गेली नव्हती. पण तोंड मिटलेले होते आणि डोळे उघडे.

"शिवकन्येला एकटीला तिथं कावून ठिवलं?" ती म्हणाली. "फडात परकी मानसं असत्यात."

"तिची बहीण हाय संगं," अंगद म्हणाला. आणि आईकडे पाहून, "तू बोलायलीस, माय."

"मग काय मुकी बसू? बस की. हुबा कावून?"

तो बसला.